रत्नाक्काची पांढरी गोळी

रत्नाक्काला कुणी विचारलं, “तुम्ही काय करता?” तर ती उत्तर देण्याआधी पिशवीत हात घालायची. समोरच्याच्या तळहातावर एक गोळी ठेवायची आणि म्हणायची, “आधी तोंडात घाला. मग सांगते.”

गोळी तोंडात गेली की पुढचं बोलणं तिचंच. कारण ती गोळी चावायला वेळ लागतो. ती दाढेला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. तेवढ्या वेळात रत्नाक्का सांगायचं ते सगळं सांगून मोकळी व्हायची. दुकानदारांशीही ती अशीच वागायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “रिकाम्या तोंडाचा माणूस लगेच न्हाई म्हणतो. भरल्या तोंडाचा माणूस नुसती मान हलवतो. मान कशीबी हलली तरी आपण व्हय धरायचं.”

मी बीदरला कॉलेजला आले तेव्हा तिथल्या मैलूर वस्तीत तिच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. संतपूरजवळच्या आमच्या गावाहून अप्पा मला सोडायला आले होते. इथं पाणी कधी येतं, दाराला कडी नीट आहे का, पोरगी एकटी कशी राहील, असं पुष्कळ विचारायचं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. उंबऱ्यातच रत्नाक्कानं त्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि ते चावेपर्यंत न विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. परत जाताना अप्पा एवढंच म्हणाले, “बाई बरी दिसायलीय.” त्यांची जीभ केशरी झाली होती.

गोळीचं नाव रंगबाग. संत्रं, कैरी आणि जांभूळ अशा तीन चवी. मैलूरच्या पलीकडं पत्र्याच्या दोन शेडमध्ये ती तयार व्हायची. एका शेडमध्ये पाक उकळायचा, दुसऱ्यात गोळी कापून कागदात गुंडाळणारं यंत्र खडखडायचं. मालक शरणप्पा. रत्नाक्का मूळची संतपूरची, लग्न होऊन बीदरला आली आणि त्या शेडमध्ये हातानं गोळ्या गुंडाळायला लागली. यंत्र आल्यावर हातानं गुंडाळणाऱ्या बायका कमी झाल्या. तेव्हा तिनं स्वतःच मालकाला सांगितलं, “गुंडाळायला यंत्र आलंय, पण विकायला कुठं आलंय?” आणि स्कूटर शिकली. औरादपासून कलबुर्गीपर्यंतच्या दुकानांत तिची स्कूटर माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड होतं. तिचा नवरा हैदराबादच्या बसवर ड्रायव्हर होता. त्याला गोड आवडत नसे. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी मला पहिल्याच आठवड्यात ताकीद मिळाली होती.

मी तिला सुरुवातीला अहो-जाहो करत होते. चार दिवस तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माय, मला तुम्ही म्हणलीस तर मला वाटतंय मागं कोणतरी उभं हाय. तू म्हण.”

दुकानात शिरताना ती आधी समोरच्याचं तोंड बघायची. जयभीम आला तर जयभीम, शरणु आलं तर शरणु, सलाम आला तर सलाम. स्वतःच्या घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, त्याला रोज सकाळी ती स्वतः हार घालायची. पण दुकानात गिऱ्हाइकाचा नमस्कार आधी. कन्नडमध्ये भांडण सुरू करायची, दखनीत दर ठरवायची आणि माल उतरवताना मराठीत ख्यालीखुशाली विचारायची. भाषा बदलली की आवाजही बदलायचा. कन्नड बोलताना तो चढा असायचा, दखनीत गोड.

बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता. स्थानिक उत्पादनाचा इतिहास आणि विपणन. वर्गात बहुतेकांनी बिदरीची भांडी घेतली. मी रंगबाग घेतली, कारण माहिती देणारी बाई भिंतीपलीकडं राहत होती. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे.

“अक्का, ही गोळी पहिल्यांदा कशी झाली?”

रत्नाक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “बीदरच्या बादशहाचा खानसामा होता. त्यानं पाक करताना डुलकी घेतली. पाक ना कडक झाला ना मऊ राहिला.”

मी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एका दुकानात गेली. तिथं दुकानदाराला म्हणाली, “आमच्या मालकाच्या आजीला दात नव्हते, आणि गोळी खायची हौस लई. तिच्यासाठी म्हणून ही मऊ गोळी केली.” पुढच्या दुकानात एक बाई रडणाऱ्या पोराला घेऊन उभी होती. तिथं रंगबागचा जन्म एका रडणाऱ्या पोरामुळं झाला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “अक्का, मला खरं काय ते लिहायचंय.”

“खरं व्हय? मालकाच्या वडलांनी हैदराबादेत एक मोडकं यंत्र स्वस्तात घेतलं. त्यातनं हीच गोळी निघत होती, दुसरी निघतच नव्हती. लिही.” मी लिहिलं. ती स्कूटरला किक मारत म्हणाली, “आता सांग, हे ऐकून कोण बरणी घेईल?”

असं असलं तरी एका बाबतीत ती कधी खोटं बोलली नाही. कुणी विचारलं, “अक्का, यात फळ हाय का?” तर ती सरळ सांगायची, “न्हाई. वास हाय, रंग हाय, साखर हाय. फळ न्हाई.” तेवढं सांगताना मात्र ती दुसरीकडं बघायची. वेष्टनावर झाडाखाली फळांची टोपली आणि वर पोपट छापला होता. शाई कमी पडल्यामुळं पोपट कावळ्यासारखा दिसायचा. ती म्हणायची, “टोपली खोटी हाय, निदान कावळा तरी खरा हाय.”

कलबुर्गीच्या उन्हाळ्याची गोष्ट ती रंगवून सांगायची. तिकडच्या उन्हात बरणीतल्या गोळ्या वितळून कागदाला चिकटल्या. एका दुकानदारानं फोन केला, “अक्का, लोक कागद खायलेत.” दुसरा कुणी असता तर माल परत आणला असता. ही सकाळच्या बसनं गेली आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानात बरणी उचलून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली. गोळी आवळून आली. शिवाय माठावर पाणी प्यायला येणाऱ्याचा हात आपोआप बरणीकडं जायला लागला. “त्या उन्हाळ्यात आपण हिवाळ्यापेक्षा जास्त विकलं,” ती सांगायची. खरं-खोटं मला माहीत नाही. पण पुढं मी स्वतः कलबुर्गीला पाहिलं, काही जुन्या दुकानांत बरणी अजून माठाला टेकून असते.

हे सगळं मी लिहीत होते, त्याच वर्षी गोळीची विक्री एकदम बसली.

कारण शोधायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. रंगबाग मुळात कुणी मागून घेत नव्हतं. दुकानात सुट्टे पैसे नसले की दुकानदार उरलेल्या रुपयाच्या बदल्यात हातावर गोळी ठेवायचा. तेल, साबण, चहापत्ती घेऊन माणूस निघाला की जाता जाता एक रंगबाग मिळायची. आता प्रत्येक गल्ल्यावर काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला. माणूस फोन दाखवतो, पैसे पुरेपूर जातात, गल्ल्यावरचा डबा मोठ्यानं बोलून आकडा सांगतो. सुट्ट्यांचा प्रश्नच उरला नाही, आणि सुट्ट्यांच्या जागी येणारी गोळीही उरली नाही.

रत्नाक्का त्या डब्याकडं सवतीकडं बघावं तशी बघायची. “हे डबडं बोलायलंय, म्हणून आपली गोळी गप झाली,” म्हणायची. एका दुकानदारानं तिला समजावलं, “अक्का, गोळी चांगलीच हाय. पण माझ्या दुकानात कुणी नाव घेऊन मागितली न्हाई बघा कधी.” त्या संध्याकाळी जेवताना ती एकदम म्हणाली, “इतकी वर्षं विकली मी. पण ती विकली जात नव्हती गं. नुसती मिळत होती.”

ऑगस्टमध्ये शरणप्पा घरी आले. हैदराबादचा एक माणूस यंत्र बघून गेला होता. शेड रिकामी करून भाड्यानं द्यावी असं त्यांच्या मनात होतं. रत्नाक्कानं सवयीनं पिशवीत हात घातला. शरणप्पांनी तोंडावर रुमाल धरला.

“नको रत्नाक्का. तुझं ते मला माहीत हाय. तोंड मोकळं ठेवूनच बोलतो. दिवाळीच्या आधी यंत्र द्यायचं म्हणायलोय.”

“द्या की मालक. पण तवर चालू ठेवा.”

“चालू ठेवून काय करायचं? घ्यायलंय कोण?”

रत्नाक्कानं गोळी परत पिशवीत टाकली. मालक गेल्यावर ती दारात बसून राहिली. शेडमध्ये अजून आठ-दहा बायका कामाला होत्या. पण मला वाटतं तिला जास्त लागलं होतं ते त्या दुकानदाराचं बोलणं. निदान एकदा तरी कुणी नाव घेऊन रंगबाग मागावी आणि मग हवं तर यंत्र जावं, असं तिला वाटत असावं.

सुचलं ते पंधरा ऑगस्टला. आमच्या घरासमोरून शाळेची पोरं परत चालली होती, प्रत्येकाच्या गालात मोठ्या कंपनीचं चॉकलेट. रत्नाक्का त्यांच्याकडं बघत म्हणाली, “सव्वीस जानेवारी आन् पंधरा ऑगस्ट, हे सगळ्या देशाचे. त्याला मोठ्या कंपन्या तयार असतात. पण आपल्याकडं झेंडा अजून एकदा चढतो की.”

ती सतरा सप्टेंबरबद्दल बोलत होती. निजामाच्या राज्यातून आमचा भाग सुटला तो दिवस. आमच्या जिल्ह्यांत त्या दिवशीही शाळेत झेंडावंदन होतं, खाऊ वाटला जातो. मुंबई-बंगळूरच्या कंपन्यांना हा दिवस माहीतही नसेल.

दुसऱ्याच दिवशी ती औरादच्या रस्त्याला लागली. मी सुट्टीला गावी चालले होते, म्हणून मागं बसले. संतपूरच्या बाजूच्या एका शाळेत ती थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेली. सरांच्या तोंडात गोळी गेली. ते चावत असताना ती म्हणाली, “सर, हा झेंडा आपल्या भागाचा. मग त्याला गोळीबी आपल्या भागाची नको का?” सरांनी मान हलवली. ती मान आडवी होती की उभी, मी नक्की सांगू शकत नाही. पण गोळी संपल्यावर ते म्हणाले, “घेतो. आजूबाजूच्या शाळांनाबी सांगतो. फक्त झेंड्याच्या तीन रंगांत देता का?”

“देते की,” रत्नाक्का म्हणाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “अक्का, केशरी संत्र्याची हाय, हिरवी कैरीची हाय. पांढरी कुठाय?”

ती स्कूटर चालू करता करता थांबली. रस्त्याच्या कडेला माळावर सीताफळाची झाडं होती. फळांचे डोळे नुकतेच उघडायला लागलेले. तिनं त्यांच्याकडं बोट केलं. “ती काय.”

आणि इथंच तिनं चूक केली. साधा सीताफळाचा वास बाटलीत मिळतो. मालकही तेच म्हणाले. पण रत्नाक्का ऐकेना. “आयुष्यभर फळ न्हाई, फळ न्हाई म्हणत आले. एक तरी गोळी अशी होऊ दे की पोरानं विचारलं तर मान वर करून सांगीन.” तिनं संतपूरहून टोपल्या भरून सीताफळं मागवली. शेडमधल्या बायकांनी बिया काढून गर केला आणि तो उकळत्या पाकात ओतला.

सीताफळ शिजवायचं नसतं, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. रत्नाक्कालाही ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी ते तिला आठवायचं नव्हतं. पांढरा गर बघता बघता गुलाबी झाला, मग आमच्या बीदरच्या लाल मातीसारखा. चव कडू आली. शरणप्पांनी बोटानं चाटून पाहिलं आणि ते बाहेर निघून गेले. झेंडावंदन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

सगळ्या बायका रत्नाक्काकडं बघत होत्या. ती कढईकडं बघत होती. मग तिनं पदर खोचला. “ओता ते बाहेर. नुसता साखरेचा पाक लावा, रंग काही घालू नका.”

“पण अक्का, नुसता पाक पांढरा कुठं असतो? तो पिवळट असतो,” एक बाई म्हणाली.

“यंत्र यायच्या आधी आपण काय करत होतो, विसरलीस का?”

भिंतीवर एक जुना लोखंडी आकडा होता, त्यावर आता कुणाचा तरी टॉवेल वाळत असायचा. टॉवेल निघाला. पाक थोडा निवल्यावर, हाताला तेल लावून, त्याचा गोळा आकड्याला अडकवला आणि बायकांनी तो ओढायला सुरुवात केली. ओढायचा, दुमडून पुन्हा आकड्यावर टाकायचा, पुन्हा ओढायचा. आत हवा शिरते तसा तो लगदा उजळत जातो. आधी मधासारखा, मग दुधासारखा, शेवटी धुतलेल्या धोतरासारखा पांढराशुभ्र. टोपलीत उरलेल्या सीताफळांचा ताजा गर, अगदी थोडा, रत्नाक्कानं लगदा जरा निवल्यावर घडीत घातला. “शिजवायचा न्हाई म्हणजे न्हाई,” ती जणू आम्हालाच रागवत होती.

शरणप्पा दारात येऊन उभे राहिले. एक बाई दमली तेव्हा त्यांनी गुपचूप हाताला तेल लावलं आणि तिच्या जागी ओढायला लागले. रत्नाक्का म्हणाली, “मालक, जोरात ओढा. यंत्र न्हाई ते, तुटत न्हाई.” बायका हसल्या. मालकही हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना बघितलं असं नंतर सगळ्याच म्हणाल्या.

सतरा तारखेला सकाळी आम्ही त्या शाळेत होतो. रत्नाक्का पांढरी साडी नेसून फाटकाजवळ उभी होती, मालक तिच्या मागं. खाऊ खरं तर भाषणानंतर वाटतात. पण पोरं फार गोंधळ करायला लागली, म्हणून एका मास्तरांनी आधीच वाटून टाकला. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवरही एक पांढरी गोळी गेली. ती त्यांनी सहज तोंडात टाकली, आणि त्याच क्षणी त्यांचं नाव पुकारलं.

पाहुणे माईकसमोर उभे राहिले. त्यांचा जबडा हलत होता. समोर सगळ्या शाळेचे जबडे हलत होते. मैदानावर इतकी शांतता मी कुठल्याच झेंडावंदनाला पाहिली नाही. हेडमास्तर अस्वस्थ होऊन उठू लागले, तर पाहुण्यांनी हातानं थांबवलं. अजून थोडा वेळ गेला. मग त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो माईकमधूनच.

“ही कुठली गोळी हाय?”

हेडमास्तर पुढं झाले. “आपल्या बीदरची, साहेब. रंगबाग.”

“सीताफळ हाय का यात?”

सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात फाटकाजवळून उत्तर गेलं, “थोडं हाय, साहेब. पण हाय.”

पाहुण्यांनी पुढं काय भाषण केलं ते मला आठवत नाही. परतताना आम्ही तिघं बसनं आलो. मैलूर जवळ आल्यावर मालक म्हणाले, “यंत्राला तेल घालून घ्यावं म्हणतो. एक नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव. तेव्हाबी झेंडा असतोय ना?” रत्नाक्का म्हणाली, “असतोय की.” आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

यंत्र गेलं नाही. पुढं एप्रिलच्या जयंतीला निळी गोळी निघाली, उरुसाला गुलाबी. पांढरी मात्र सीताफळाच्या दिवसांतच मिळते. आकड्यावर आता टॉवेल टाकायला मनाई आहे.

माझं बी. कॉम. झालं, मी पुढं शिकायला कलबुर्गीला आले. खोली सोडताना मी रडेन म्हणून रत्नाक्कानं आधीच तोंडात गोळी कोंबली होती. त्यानंतर भेट झाली नाही, फोनवर बोलणं होतं.

मागच्या महिन्यात गावाहून कलबुर्गीला परत येताना बस हुमनाबादला थांबली. मी खिडकीत होते. समोरच्या चहाच्या टपरीवर पाठमोरी एक बाई कप हातात घेऊन उभी होती. पिशवी ओळखीची होती. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक लहान मुलगी टपरीवर आली. हात वर करून म्हणाली, “अण्णा, रंगबाग द्या.”

टपरीवाल्यानं बरणी पुढं केली. मुलीनं आत हात घालून पांढरी शोधून काढली.

रत्नाक्कानं कप खाली ठेवला. आपण कोण हे तिनं सांगितलं नाही. एखाद्या नवख्या बाईसारखं वाकून तिनं विचारलं, “चांगली लागते व्हय गं ही?”

मुलगी चावत होती, म्हणून लगेच बोलू शकली नाही. रत्नाक्का थांबली. मग मुलीनं तिला नीट समजावून सांगितलं, “संत्र्याची नका घेऊ. पांढरी घ्या. घाईत खायची न्हाई.”

“असं व्हय,” रत्नाक्का म्हणाली.

बस हलली. मी मान वळवून पाहिलं तेव्हा तिनं कमरेची चंची सोडली होती, टपरीवाल्याला पैसे दिले होते, आणि त्या मुलीनं बोटानं दाखवलेली पांढरी गोळी बरणीतून काढून घेत होती.